प्राचीन इतिहास आणि पोर्तुगीज : एका संयुक्त पदवीविषयीचे गैरसमज

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत दोन विषय बरोबरीनं शिकून एकच पदवी घेण्याची पद्धत जुनी आहे. तिला तिथे ‘जॉइंट ऑनर्स’ म्हणतात. इतिहास आणि राज्यशास्त्र, फ्रेंच आणि तत्त्वज्ञान अशा जोड्या सर्रास दिसतात. प्राचीन इतिहास आणि पोर्तुगीज ही जोडी मात्र मोजक्याच ठिकाणी मिळते आणि ती निवडणारेही थोडेच. त्यामुळे तिच्याविषयी खरी माहिती कमी आणि अंदाज जास्त. तिथल्या मराठी किंवा गोमंतकीय घरातल्या एखाद्या मुलीनं ही जोडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हाच : या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय? पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य पाचव्या शतकात संपलं आणि पोर्तुगीज आपल्या ओळखीचे झाले ते १४९८ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा. मधली हजार वर्षं सांधायची कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात पोर्तुगालचा इतिहास जहाजांपासून सुरू होतो. मोठा गैरसमज आहे तो हाच. आजच्या पोर्तुगालची भूमी पाचशेहून अधिक वर्षं रोमन अमलाखाली होती आणि त्या काळाचे अवशेष देशभर पसरलेले आहेत. कोइंब्रा शहराजवळचं कोनिंब्रिगा हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध स्थळ. तिथे कारंज्यांच्या चौकाभोवती बांधलेलं एक श्रीमंत घर आहे, त्याच्या जमिनीवरची रंगीत दगडांची चित्रं अजून शाबूत आहेत. त्याच गावात नंतरच्या अस्थिर काळात घाईनं उभारलेला तटही आहे, आणि तो घरांच्या मधूनच गेलेला आहे. सुबत्ता आणि भीती या दोन्ही गोष्टी तिथे एकाच आवारात पाहायला मिळतात. गावाचा मोठा भाग अजून मातीखालीच आहे.

मला स्वतःला याहून मोलाचं वाटतं ते दक्षिणेकडच्या अल्जुस्ट्रेल या खाणगावात सापडलेलं साहित्य. १८७६ आणि १९०६ मध्ये तिथे काशाचे दोन कोरीव पत्रे मिळाले. दुसऱ्या शतकातल्या रोमन खाणवस्तीचे नियम त्यांवर लॅटिनमध्ये लिहिलेले आहेत. खाणीतल्या खड्ड्यांची मालकी कशी ठरायची हे त्यांत आहेच, पण गावातला न्हावी, चांभार, लिलाव पुकारणारा यांचे मक्तेही आहेत. सार्वजनिक स्नानगृह कोणी कसं चालवायचं याचे बारीक नियम आहेत : पहाटेपासून दिवसाच्या सातव्या तासापर्यंत बायकांची वेळ, त्यानंतर पुरुषांची, आणि बायकांना शुल्क पुरुषांच्या दुप्पट. शाळामास्तरांना मात्र करांतून सूट. सम्राटांच्या मोहिमांविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. एका खाणगावातला रोजचा दिवस इतक्या जवळून दाखवणारे कागद किंवा पत्रे संपूर्ण रोमन जगातही फार थोडे आहेत.

आता पोर्तुगीज भाषेची गरज कुठे लागते? मूळ लेख लॅटिन आहेत हे खरं. पण खाणीचा, गावाचा, तिथल्या भांड्यांचा, नाण्यांचा, थडग्यांचा अभ्यास पोर्तुगीज संशोधकांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेला आहे. लाइते द व्हास्कोन्सेलुश यांनी १८९३ मध्ये लिस्बनच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा पाया घातला आणि दोन वर्षांनी ‘ओ आर्केओलोगो पोर्तुगेश’ हे नियतकालिक सुरू केलं. तेव्हापासून उत्खननाचे अहवाल, शिलालेखांची वाचनं, स्थानिक संग्रहालयांच्या याद्या यांचा साठा वाढतच गेला आहे. त्यातला फार थोडा भाग इंग्रजीत येतो. ‘महत्त्वाचं सगळं इंग्रजीत असतंच’ या समजुतीवर विसंबून राहणाऱ्याला रोमन साम्राज्याची संपूर्ण पश्चिम किनार दुसऱ्याच्या सारांशातूनच पाहावी लागते. भाषा शिकलेला विद्यार्थी पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूळ अहवाल स्वतः वाचतो आणि सारांशात काय गळलं हेही त्याला दिसू लागतं. या जोडीचं खरं बळ इथे आहे.

पोर्तुगालमध्येही आपल्या प्राचीन काळाविषयी गैरसमज कमी नाहीत, आणि ते तपासणं हा या अभ्यासाचा एक रसाळ भाग आहे. प्राचीन लुसितानिया म्हणजेच आजचं पोर्तुगाल, असं तिथल्या शाळकरी पिढ्यांच्या मनावर ठसलेलं होतं. प्रत्यक्षात लुसितानिया या रोमन प्रांताची राजधानी एमेरिता ऑगुस्ता, म्हणजे आजच्या स्पेनमधलं मेरिदा. पोर्तुगालचा दोउरू नदीच्या उत्तरेचा भाग तर त्या प्रांतात नव्हताच. रोमशी झुंजणारा लुसितानी नेता विरियातो इसवी सनापूर्वी १३९ मध्ये फितूर साथीदारांच्या हातून मारला गेला. विसाव्या शतकात हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं त्याला राष्ट्रवीर बनवलं आणि १९४० मध्ये विझेउ शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याजवळच्या भव्य अष्टकोनी मातीच्या तटाला त्याचंच नाव आहे, पण त्या तटाचा विरियातोशी संबंध दाखवणारा पुरावा नाही. एव्होरा शहरातल्या रोमन देवळाला लोक ‘डायनाचं देऊळ’ म्हणतात. ते नाव सतराव्या शतकात चिकटलं, आणि ते देऊळ बहुधा सम्राटपूजेसाठी बांधलेलं असावं. आपल्याकडे प्रत्येक जुन्या लेण्याला पांडवांचं नाव मिळतं, त्याच जातीची ही गोष्ट.

वाङ्मयाच्या बाजूनंही दोन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. कामोंइशचं ‘लुझियादश’ हे महाकाव्य १५७२ मध्ये छापलं गेलं. विषय वास्को द गामाचा प्रवास, पण घडण व्हर्जिलच्या ‘इनीड’ची. व्हीनस पोर्तुगिजांच्या बाजूनं उभी आहे, तर बाखुस त्यांच्या वाटेत अडथळे आणतो. कारण भारत जिंकल्याची ख्याती ग्रीक-रोमन कथांत त्याची होती आणि ती आता झाकोळणार होती. ही प्राचीन कथा ठाऊक नसलेल्या वाचकाला काव्यातलं अर्धं वैर कळतच नाही. विसाव्या शतकात फेर्नांदु पेसोआनं रिकार्दु रेइश या कल्पित कवीच्या नावानं कविता लिहिल्या, त्या होरेसच्या वळणाच्या आहेत. पुढे कादंबरीकार सारामागुनं त्याच रेइशला कादंबरीचा नायक केलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ब्रिटनमधल्या ‘प्राचीन इतिहासा’त प्राचीन भारत आपोआप येतो, असं अनेक पालक धरून चालतात. तसं नाही. तिथे या नावाखाली मुख्यतः ग्रीस आणि रोम शिकवतात, काही ठिकाणी इजिप्त आणि मेसोपोटेमिया. भारत क्वचितच. परंतु पोर्तुगीज येणाऱ्या विद्यार्थ्याला प्राचीन महाराष्ट्राकडे जाणारी एक वाट आपसूक मोकळी होते. घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांची युरोपीय भाषांतली सर्वांत जुनी सविस्तर वर्णनं पोर्तुगीजमध्ये आहेत. जुवांव द काश्त्रुनं १५३८-३९ च्या सागरप्रवासाच्या टिपणांत घारापुरीची वर्णनं केली. वैद्य गार्सिया द ओर्तानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात या लेण्यांची हकिकत दिली. इतिहासकार दियोगु दु कोउतु यानं तर एक चटका लावणारी नोंद करून ठेवली आहे. घारापुरीच्या प्रवेशद्वारावर सुबक अक्षरांचा एक कोरीव लेख होता. पोर्तुगिजांनी तो शिळेसकट काढला. इथे कोणालाही तो वाचता येईना, म्हणून राजाकडे पोर्तुगालला पाठवला. तिथेही तो वाचला गेला नाही आणि पुढे शिळेचा माग हरवला. ती लेणी कोणी कोरवली यावर विद्वान आजही वाद घालतात, आणि त्या वादाचा निकाल लावू शकला असता असा लेख आता फक्त एका पोर्तुगीज परिच्छेदात उरला आहे.

दोन्ही विद्या एकाच माणसात आल्या की काय घडतं, याचं उत्तम उदाहरण मुंबईतलंच आहे. मूळचे गोव्याचे डॉक्टर जुझे गर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. ग्रीक भूगोलकार आणि नाविक ज्या बंदराचा उल्लेख करतात ते चौलच, हे तपासायला त्यांना प्राचीन साधनं लागली, आणि तिथल्या किल्ल्यांची, चर्चांची कथा सांगायला पोर्तुगीज बखरी. पुढच्याच वर्षी त्यांनी स्कंदपुराणातल्या सह्याद्रिखंडाची संपादित आवृत्ती काढली. दोन भाषांचे दोन साठे शेजारी ठेवून वाचणारा माणूस होता, म्हणून ते काम झालं.

‘ही वसाहतवाल्यांची भाषा, ती का शिकायची?’ हा आक्षेप भावनेतून येतो आणि त्या भावनेचा मी आदर करतो. पण मराठ्यांच्या इतिहासाचंच पाहा. गोव्याच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनची दप्तरं आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचून ती वाचली, म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातले तह, लढाया, पत्रव्यवहार आपल्याला तपशिलात कळतात. शिवाजी महाराजांचं एक पोर्तुगीज चरित्र लिस्बनमध्ये १७३० सालीच छापलं गेलं होतं. सत्ता गाजवणाऱ्याची भाषा आपण वाचायला शिकलो नाही, तर त्यानं आपल्याविषयी काय लिहून ठेवलं ते तपासण्याचा हक्कही आपल्याकडे राहत नाही.

काही व्यवहारातले गैरसमज थोडक्यात. प्राचीन इतिहासासाठी लॅटिन किंवा ग्रीक आधी यावं लागत नाही. ग्रंथ भाषांतरातून वाचतात, आणि इच्छा असेल तर त्या भाषांचे प्रारंभिक वर्ग घेता येतात. मला विचाराल तर लॅटिनचं एक वर्ष तरी जरूर घ्यावं, पोर्तुगीज त्यानं सोपी होते. पोर्तुगीजही अनेक ठिकाणी शून्यापासून शिकवतात. मात्र पहिल्या वर्षाचा वेग दमवणारा असतो, रोज तासभर तरी भाषेला द्यावा लागतो. स्पॅनिश आली की पोर्तुगीज आलीच, हेही अर्धंच खरं. छापील मजकूर बराचसा कळतो, पण लिस्बनमधल्या माणसाचं बोलणं कळायला वेगळा कान तयार करावा लागतो, कारण तिथे स्वर गिळून बोलतात. ब्राझीलची बोली त्याहून मोकळी.

या पदवीत प्रत्येक विषय ‘अर्धाच’ होतो अशी भीती असते. निवडीचे विषय कमी मिळतात, हे मान्य. पण भाषेच्या पदवीत साधारणपणे एक वर्ष परदेशात काढायचं असतं, म्हणून इंग्लंडमध्ये हा अभ्यासक्रम सहसा चार वर्षांचा असतो. ते वर्ष कोइंब्रा किंवा लिस्बनला गेलं, तर सकाळी वर्गात भाषा आणि सुट्टीत रोमन स्थळं असा दुहेरी अभ्यास होतो.

गोमंतकीय घरांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पोर्तुगीज पासपोर्टवर अनेक कुटुंबं ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला, स्थायिक झाली आहेत. त्यामुळे त्या पासपोर्टवर शुल्कात सवलत मिळते, असं अजूनही ऐकू येतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२१-२२ पासून नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांना निव्वळ त्या पासपोर्टवर स्थानिक शुल्क लागू होत नाही. ‘सेटल्ड’ किंवा ‘प्री-सेटल्ड’ दर्जा आणि वास्तव्याच्या अटी पाहिल्या जातात. शिवाय पासपोर्ट पोर्तुगीज असला तरी घरात भाषा कोंकणीच असते, हे प्रवेशाच्या अर्जातही प्रामाणिकपणे लिहावं.

नोकरीचं काय? ही पदवी थेट एखाद्या हुद्द्यावर नेत नाही आणि तसं आश्वासन कोणी देत असेल तर ते खोटं आहे. संग्रहालय किंवा पुरातत्त्वात जायचं तर पुढचं शिक्षण बहुधा लागतंच. पण पोर्तुगीज म्हणजे एक छोटा देश, हा हिशेबही चुकीचा आहे. ब्राझील, अंगोला, मोझांबिक, पूर्व तिमोर धरून नऊ देशांची ती अधिकृत भाषा आहे, आणि युरोपीय संघ व आफ्रिकी संघ दोन्हीकडे तिला अधिकृत स्थान आहे. पुरावा पारखण्याची सवय आणि अशी भाषा हाताशी असलेल्याला भाषांतर, प्रकाशन, शिक्षण, प्रशासन, पुढे कायदा अशी दारं उघडी राहतात. भारतातच राहायचं असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व, तर गोवा विद्यापीठात पोर्तुगीज एम.ए.पर्यंत शिकता येतं.

अलीकडे अनेक ब्रिटिश विद्यापीठांनी भाषाविभाग आकसले आहेत. म्हणून अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाला थेट लिहून चार गोष्टी विचारा : पोर्तुगीज शून्यापासून शिकवता का, शिकवणारे कायमस्वरूपी प्राध्यापक किती, परदेशातलं वर्ष कुठे, आणि अखेरचा प्रबंध दोन्ही विषय जोडून लिहिता येतो का. शेवटच्या प्रश्नाला ‘होय’ असं उत्तर देणारं विद्यापीठ निवडा.