नवी संगणक प्रणाली अंतिम होण्यापूर्वी घ्यावी का? निर्णय परतीच्या मार्गावर अवलंबून

सिरुसेरी (चेन्नई) : चेन्नईच्या दक्षिणेस, राजीव गांधी सलाईलगत असलेल्या सिरुसेरीच्या सिपकॉट माहिती तंत्रज्ञान उद्यानात मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसचे विस्तीर्ण संकुल आहे. चेन्नई गणितीय संस्थाही २००५ पासून याच परिसरात आहे. सॉफ्टवेअर तयार करणे, तपासणे आणि सांभाळणे हा जेथील नित्याचा व्यवसाय, तेथे नवी ऑपरेटिंग सिस्टीम अंतिम होण्यापूर्वी हाताळणे हा कामाचाच भाग ठरतो. ग्राहकाचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर पहिल्या दिवसापासून चालायचे असेल, तर ते आधीच तपासावे लागते. मात्र तीच चाचणी आवृत्ती घरातील एकमेव संगणकावर किंवा कार्यालयाच्या दैनंदिन यंत्रावर घ्यावी का, याचे उत्तर वेगळे आहे.

मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल आणि गुगल या तिन्ही कंपन्या अंतिम आवृत्तीपूर्वी बीटा, म्हणजेच चाचणी आवृत्ती इच्छुकांसाठी खुली करतात. विंडोजसाठी २०१४ पासून ‘इनसायडर’ कार्यक्रम सुरू आहे. लाखो वेगवेगळ्या यंत्रांवर उद्भवणारे दोष प्रयोगशाळेत सापडणे अशक्य असल्याने वापरकर्त्यांची मदत घेतली जाते. त्यामुळे चाचणी आवृत्ती घेणारा वापरकर्ता एका अर्थाने परीक्षक असतो. दोष आढळणे ही त्याच्या दृष्टीने अपेक्षित घटना होय.

निर्णय घेताना नवी प्रणाली किती स्थिर आहे, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की ती जमली नाही तर परत कसे यायचे? अँड्रॉइडच्या बीटा कार्यक्रमातून मध्येच बाहेर पडून जुन्या आवृत्तीकडे वळल्यास मोबाइलमधील सर्व माहिती पुसली जाते. आयफोनवर नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर पूर्ववत करता येत नाही. विंडोजच्या अगदी प्रारंभिक चाचणी वाहिन्यांतून बाहेर पडण्यासाठी प्रणाली नव्याने स्थापित करावी लागते.

याचा अनुभव जुना आहे. विंडोज ७ची ‘रिलीज कँडिडेट’ आवृत्ती मे २००९ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध झाली आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला अंतिम आवृत्ती बाजारात आली. विनामूल्य आवृत्तीची मुदत १ जून २०१० रोजी संपणार होती. तत्पूर्वी १ मार्चपासूनच ती वापरणारे संगणक दर दोन तासांनी बंद होतील, अशी रचना कंपनीने केली होती. चाचणी आवृत्ती कायमस्वरूपी वापरासाठी नसते, याची ती स्पष्ट जाणीव होती.

अंतिम शिक्का बसला म्हणजे धोका संपला, असेही नाही. विंडोज १०ची ‘१८०९’ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसृत झाली. काही वापरकर्त्यांच्या दस्तऐवजांच्या आणि छायाचित्रांच्या फायली तिने पुसून टाकल्याने वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. दोष दूर करून ती १३ नोव्हेंबरला पुन्हा देण्यात आली. बाधितांचे प्रमाण एक शतांश टक्का असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. तथापि, ज्याची एकमेव प्रत गेली, त्याच्यासाठी नुकसान शंभर टक्केच होते. विशेष म्हणजे चाचणी काळात काही परीक्षकांनी अशा तक्रारी नोंदविल्या होत्या. असंख्य नोंदींमध्ये त्यांची तीव्रता लक्षात आली नाही.

लिनक्सच्या जगात ही सावधगिरी रचनेतच आहे. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर ‘अस्थिर’, ‘चाचणी’ आणि ‘स्थिर’ अशा टप्प्यांतून पुढे सरकते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात विकसित झालेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. मात्र आधीच्या दीर्घकालीन आवृत्तीच्या वापरकर्त्यांना नव्या आवृत्तीकडे जाण्याची सूचना साधारणपणे पहिली सुधारित आवृत्ती आल्यावरच मिळते. थोडे थांबणे येथे धोरणाचाच भाग आहे.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी काही बाबी महत्त्वाच्या आहेत. अनेक मुद्रणालये व कार्यालये युनिकोडपूर्व काळातील फाँट, मराठी टंकलेखनाची स्वतंत्र सॉफ्टवेअर आणि ती चालविणारी हार्डवेअर लॉक अजूनही वापरतात. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, जुने प्रिंटर आणि लेखा सॉफ्टवेअर यांचेही तसेच. नव्या प्रणालीसाठी त्यांचे ड्रायव्हर उपलब्ध झाले नसतील, तर संगणक सुरू होईल, पण काम बंद पडेल. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात ही जोखीम कोणीही पत्करू नये.

थांबणे आणि दुर्लक्ष करणे यांतील फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, तेव्हा तो ज्या त्रुटीमार्गे पसरला तिच्यावरील सुरक्षा दुरुस्ती मार्चमध्येच प्रसृत झालेली होती. ज्यांनी ती स्थापित केली नव्हती, त्यांना फटका बसला. म्हणूनच वापरात असलेल्या प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या तत्परतेने घ्याव्यात. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तेथेही अनिश्चित काळ थांबणे हितावह नाही.

सुटा संगणक, फायलींची दुसरीकडे ठेवलेली आणि उघडून तपासलेली प्रत, जुनी प्रणाली पुन्हा स्थापित करण्याचे साधन आणि त्यासाठी लागणारा वेळ या चारही गोष्टी हाताशी असतील, तर चाचणी आवृत्ती अवश्य पाहावी. आढळलेले दोष कळविल्यास इतरांचेही हित साधते. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर अंतिम आवृत्ती आणि तिच्यावरील पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबावे. नवी सुविधा काही आठवडे उशिरा मिळाली तरी चालते. पुसली गेलेली एकमेव प्रत मात्र परत मिळेलच, याची शाश्वती नसते.