पाळीच लांबते, मग गर्भचाचणी कधी करायची?

(लेखमाला : बाईचं आरोग्य – लेखांक ७)

पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) पाळी का लांबते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता त्यातून निघणारा प्रश्न. गर्भचाचणीच्या पाकिटावर ‘पाळी चुकल्यावर तपासा’ असं लिहिलेलं असतं. पण जिची पाळी कधी चाळीस दिवसांनी येते, कधी सत्तर, तिने पाळी चुकली असं कुठल्या दिवशी म्हणायचं?

काही जणी घाई करतात, एक रेघ पाहून निराश होतात. त्याहून काळजी वाटते ती ‘माझं नेहमीचंच आहे’ म्हणत तीन महिने काढणाऱ्यांची. सोनपेठ तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाळी आलेली नसतानाही बाई कोयता घेऊन गाडीत बसते आणि फडात मोळ्या उचलते. दिवस गेल्याचं उशिरा कळतं.

पीसीओएसमध्ये बीज उशिरा, अनियमित सुटतं. गर्भ राहिलाच तर तो बीज सुटल्यावर सहा ते बारा दिवसांनी गर्भाशयात रुजतो आणि मगच एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागतं. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, पण लघवीत दिसण्याइतकं वाढायला वेळ लागतो. म्हणून दिवस पाळीपासून मोजू नका, शेवटच्या संबंधापासून मोजा. २१ दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा.

पीसीओएसमध्ये एलएच हे संप्रेरक वाढलेलं असू शकतं आणि त्याची रचना एचसीजीशी मिळतीजुळती असते. जुन्या चाचण्या या दोघांत गोंधळायच्या. एलएच असतानाही फक्त एचसीजी मोजणारी पद्धत १९७२ मध्ये अमेरिकेत वैटुकायटिस, ब्राउनस्टाइन आणि रॉस यांनी मांडली. त्यामुळे आजच्या गर्भचाचणीवर पीसीओएस असूनही विश्वास ठेवता येतो. बीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या पट्ट्या मात्र एलएचच मोजतात, म्हणून त्या अशा बायकांना फसवू शकतात.

पीसीओएससाठी दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन किंवा लेट्रोझोल या गोळ्यांनी चाचणीचा निकाल बदलत नाही. बीज फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर साधारण दोन आठवडे खोटी दुसरी रेघ दिसू शकते. आणि पाळी आणायची गोळी घेण्याआधी चाचणी करायलाच हवी.

दोन रेघा आल्या तर लवकर सोनोग्राफी करून घ्या, कारण पाळीच्या तारखेवरून काढलेले महिने इथे चुकतात. साखर तपासा, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. गावातून निघण्याआधी एक चाचणी करा आणि एक किट सोबत ठेवा.