मुफ्त आणि आझाद

उर्दूत 'मुफ्त' म्हणजे दाम न मोजता मिळालेले आणि 'आझाद' म्हणजे ज्याच्यावर कुणाची बंदी नाही असे. पाचवीतल्या मुलालाही हा फरक समजवावा लागत नाही. मराठीतही 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. इंग्रजीची मात्र इथे पंचाईत होते. दोन्हींसाठी तिच्याकडे 'फ्री' हा एकच शब्द. 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, पैसे द्यावे लागत नाहीत एवढाच अर्थ. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांना तेवढेच म्हणायचे नव्हते. मोबाइलवर एका बोटाने अॅप उतरवून घेणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि आपणही ती कधी सांगितलेली नसते, म्हणून हा लेख.

अमेरिकेत एमआयटी या नामांकित संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करीत. तिथे प्रोग्राम लिहायचा, शेजाऱ्याला द्यायचा, त्याने सुधारायचा आणि परत द्यायचा अशी रीत होती. 1980 च्या सुमारास ही रीत मोडू लागली. कंपन्या प्रोग्राम देत, पण तो आतून कसा लिहिला आहे ते दाखवत नसत. प्रयोगशाळेतला नवा प्रिंटर सतत अडकायचा. स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, पण दुसऱ्या विद्यापीठातील ज्या माणसाकडे तो होता त्याने द्यायला नकार दिला. कुणाला द्यायचा नाही असा करार त्याने केला होता. सप्टेंबर 1983 मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालवायला लागणारे सारे प्रोग्राम नव्याने लिहायचे आणि कुणालाही वापरायला, उघडून पाहायला, बदलायला आणि वाटायला मोकळे ठेवायचे, अशी ती योजना.

मुफ्त आणि आझाद यांतला फरक इथे डोळ्यांसमोर येतो. 1985 मध्ये त्यांचा 'ईमॅक्स' हा लेखनाचा प्रोग्राम तयार झाला. नेटवर्कवर असलेल्या कुणालाही तो एमआयटीच्या संगणकावरून एक पैसा न देता उतरवून घेता येई. पण तेव्हा नेटवर्क होते कुणाकडे? काही विद्यापीठे, काही सरकारी संस्था, बस्स. बाकीचे लोक विचारू लागले, आम्ही काय करायचे? स्टॉलमन यांनी नोकरी सोडलेली होती आणि त्यांनाही पोट होते. ते म्हणाले, 150 डॉलर पाठवा, मी टेपवर भरून टपालाने पाठवतो. म्हणजे तोच प्रोग्राम एकाला मुफ्त आणि दुसऱ्याला 150 डॉलरला. आझाद मात्र दोघांनाही सारखाच, कारण टेप घेणाराही तिच्या हव्या तेवढ्या नकला काढून गावभर वाटू शकत होता.

ही मोकळीक पुढे कुणी बंद करू नये म्हणून 1989 मध्ये जीपीएल नावाचा परवाना आला. त्याचे मुख्य कलम साधे आहे. तुम्हाला जे हक्क मिळाले तेच हक्क पुढच्याला द्या. बदल करा, विका, पण देताना दार लावून घेऊ नका. मला यावरून वक्फची आठवण होते. वक्फ केलेली विहीर वापरायला मोकळी असते, पण तिच्यावर कुणी आपली पाटी लावू शकत नाही. तुलना तंतोतंत नाही, कारण इथे लिहिणाऱ्याचा मालकी हक्क कायम असतो आणि त्या हक्काच्या जोरावरच तो ही अट घालतो. तरी आपल्या घरांत समजावून सांगायला हे उदाहरण सोयीचे पडते.

आता उतरवून घेण्याची गोष्ट. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची जी पद्धत होती तिचे नाव एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. जन्म अलाहाबादचा, शिक्षण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत, नंतर एमआयटीत. आपल्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे नाव क्वचितच दिसते, ते असायला हवे.

एफटीपीने दुसऱ्याच्या संगणकात शिरायचे तर नाव आणि पासवर्ड लागे. पण सर्वांसाठी ठेवलेल्या फाइलींना नाव कुणाचे विचारणार? मग एक रिवाज पडला. नावाच्या जागी 'अनॉनिमस', म्हणजे बेनाम, असे लिहायचे आणि पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता. बहुतेक ठिकाणी पत्ता खरा की खोटा हे कुणी तपासत नसे. तरी लिहायचा. आपण कोण आलो आहोत हे यजमानाला कळावे, एवढाच त्यातला अदब. आत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी सूचना असे की हा संगणक दिवसा आमच्या विद्यार्थ्यांच्या कामाचा आहे, मोठ्या फाइली रात्री न्या. शिवाय जी फाइल आपल्या जवळच्या ठिकाणी मिळते तिच्यासाठी समुद्रापलीकडे जायचे नाही, हाही शिष्टाचार. त्यासाठी एकाच साठ्याची हुबेहूब प्रत निरनिराळ्या देशांत ठेवत आणि तिला 'मिरर', म्हणजे आरसा म्हणत. फिनलंडमधले फुनेट, अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा साठा, उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे सनसाइट ही त्या काळची नावाजलेली कोठारे. हे सारे पाहुणचाराच्या भरवशावर चालले होते.

पण कुठल्या कोठारात काय आहे हे कळणार कसे? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात अॅलन एम्टेज हा बार्बाडोस बेटावरून आलेला विद्यार्थी शिकत होता आणि संगणक सांभाळण्याचे कामही करीत होता. लोक त्याला अमुक प्रोग्राम शोधून दे म्हणून सांगत. एकेक कोठार हाताने धुंडाळून तो कंटाळला. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो निरनिराळ्या कोठारांत जाऊन फाइलींच्या नावांची यादी घेऊन येई. मग यादीत शोधले की झाले. 1990 मध्ये हे 'आर्ची' नावाने सर्वांना खुले झाले. इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र म्हणून आज त्याचे नाव घेतात. फक्त नाव शोधता येई, फाइलीत काय आहे ते नाही. नाव चुकले की शोध संपला.

सप्टेंबर 1991 मध्ये यापैकी फिनलंडच्या कोठारात एक लहानशी फाइल येऊन पडली. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने हप्त्यांवर घेतलेल्या संगणकावर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली होती. तिचे नाव त्याने 'फ्रीक्स' ठरवले होते. कोठार सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते आवडले नाही. त्यांनी फाइल ठेवण्याच्या कप्प्याला 'लिनक्स' नाव दिले आणि तेच टिकले. टोरवाल्ड्सने आधी अट घातली होती की ही सिस्टिम वाटताना कुणी पैसे घ्यायचे नाहीत. पण फ्लॉपीवर नकला काढून देणाऱ्यांना निदान फ्लॉपीचा आणि वेळेचा खर्च तरी निघायला हवा होता. 1992 मध्ये त्याने ती अट काढली आणि जीपीएल स्वीकारला. इथेही तेच झाले. 'मुफ्त'चा आग्रह सोडला तेव्हा 'आझाद' दूरवर पोचले. लोकांकडून पैसे न मागता तो आपल्या गावचे पोस्टकार्ड पाठवा म्हणे, आणि ती खरोखर देशोदेशींहून येत.

दुसराही एक मार्ग होता, तो निव्वळ व्यवहाराचा. 1982 मध्ये अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी आपला प्रोग्राम वाटायला मोकळा केला आणि वापरणाऱ्याला आवडल्यास 25 डॉलर पाठवा अशी विनंती जोडली. पुढे याला शेअरवेअर म्हणू लागले. चाखून पाहा, मग दाम द्या. 10 डिसेंबर 1993 रोजी 'डूम' या खेळाचा पहिला भाग याच पद्धतीने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवायचा होता. वाट पाहणाऱ्यांनी तो संगणक इतका भरून गेला होता की खेळ चढवणाऱ्यालाच आत जागा मिळेना. आतल्या लोकांना बाहेर काढावे लागले, तेव्हा फाइल वर गेली. खेळ मारधाडीचा आहे, मुलांना द्यावा असा नाही, पण किस्सा सांगण्यासारखा आहे.

फाइल उतरवणे म्हणजे किती वेळ, याचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करायला लावते. सेकंदाला 28,800 बिट वेगाचा मोडेम सगळे सुरळीत चालले तर सेकंदाला 3.6 किलोबाइट आणतो. 1.44 एमबीची एक फ्लॉपी भरायला साडेसहा मिनिटांहून थोडे जास्त. 1993 मध्ये आलेला लिनक्सचा स्लॅकवेअर हा संच 24 फ्लॉपींचा होता, म्हणजे पावणेतीन तासांच्या जवळपास. मोडेम 9,600 बिटचा असेल तर आठ तास. आज मोबाइलने काढलेला चार एमबीचा एक फोटो पाहून मुलांनी गणित केले, तेव्हा उत्तर एकोणीस मिनिटे आले आणि वर्गात हशा पिकला. यात फोन मध्येच तुटण्याचा हिशेब धरलेला नाही. तुटला की अनेकदा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून उतरवलेली फाइल लोक जिवापाड जपत आणि एकाने आणलेली दहा जणांत फिरे.

ज्यांच्याकडे थेट जोडणी नव्हती, फक्त ईमेल होता, त्यांच्यासाठी आणखी कष्टाची वाट होती. विशिष्ट पत्त्यावर ईमेल धाडून फाइल मागायची. तिकडचा संगणक ती आणून तिचे साध्या अक्षरांत रूपांतर करी, तुकडे पाडी आणि एकेक तुकडा ईमेलने पाठवी. अक्षरांत बदलताना फाइल तिसऱ्या हिश्श्याने फुगे. सगळे तुकडे क्रमाने जोडले की प्रोग्राम तयार. एक तुकडा हरवला की सारे वाया.

भारतात 1986 मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था जोडल्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, व्हीएसएनएलमार्फत. विद्यार्थ्यांना कमी दराची जोडणी मिळे, पण तिच्यात पडद्यावर फक्त अक्षरे उमटत, चित्रे नाहीत. वर्षाचे तास मोजून मिळत आणि टेलिफोनचे बिल वेगळे. अशा वेळी 24 फ्लॉपींचा संच कोण उतरवणार? संगणकाची इंग्रजी मासिके अंकासोबत सीडी देऊ लागली तेव्हा लहान गावांतल्या पोरांची सोय झाली.

आमच्या गावात सायबर कॅफे आला तेव्हा मी शिकत होते. तासाला 40 रुपये. कॅफेत फाइल फ्लॉपीवर घ्यायची आणि घरी, खरे तर मामूंच्या दुकानात, संगणकात घालायची. दोनदा तिथे फ्लॉपी वाचलीच गेली नाही. मामू म्हणाले, "अगं, एवढी खटपट कशाला? बाजारात शंभर रुपयांत सगळे भरलेली सीडी मिळते." मिळत होतीच. आजही नेटवर तसल्या नकला सहज मिळतात. पण त्या प्रोग्रामांच्या मालकांनी वाटायची इजाजत दिलेली नव्हती. तो माल मुफ्त नव्हता, आझादही नव्हता, फक्त स्वस्त होता. कॅफेतल्या फ्लॉपीवरच्या प्रोग्रामसोबत मात्र एक छोटी मजकुराची फाइल असे, तिच्यात इजाजत लिहून दिलेली असे. शिक्षिका म्हणून मला तो फरक मोठा वाटतो, कारण मुले आपण काय वापरतो ते पाहतात.

उर्दू शाळांचा प्रश्न तर आणखी अवघड होता. नस्तालीक लिपीत छापायचे तर महागडे सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर चोरीचे वापरा, असे दोनच रस्ते दिसत. कितीतरी हँडबिले, प्रश्नपत्रिका आणि लग्नपत्रिका दुसऱ्या रस्त्याने छापल्या गेल्या. तिसरा रस्ता हळूहळू तयार झाला. देवनागरीसाठी रेड हॅटने 2004 मध्ये 'लोहित' फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. 2014 मध्ये गुगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' आला, तोही वापरायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळ्या परवान्यासह. लिनक्सवर चालणाऱ्या लिब्रे ऑफिसमध्ये हे दोन्ही फॉन्ट घालून एकाच पानावर उर्दू आणि मराठी लिहिता येते. आमच्या शाळेतल्या भित्तिपत्रकाचे गेले काही अंक असेच निघाले आहेत.

मागच्या अंकाच्या वेळी आठवीतल्या एका मुलीने फॉन्टसोबत आलेली परवान्याची फाइल उघडली. इंग्रजी तिला जड गेले, म्हणून आम्ही दोघींनी मिळून एकेक वाक्याचा अर्थ लावला. फॉन्ट दुसऱ्या शाळेला देता येतो का, हे तिला हवे होते. देता येतो. तिने तो पेन ड्राइव्हवर घेतला, सोबत परवान्याची फाइलही, आणि शेजारच्या गावात शिकवणाऱ्या आपल्या खालाकडे पोचवला.