एका दाढेचे दुखणे, चार दाढांचा हिशेब

दुखणाऱ्या सर्व अवयवांत दाढेची स्थिती मोठी चमत्कारिक आहे: ती आपल्याच तोंडात असते, तिच्या ठणक्याने रात्रभर जागणारे आपणच असतो, आणि तरीही तिच्यात नेमका बिघाड काय झाला आहे हे पाहण्याची सोय मात्र तिच्या मालकाला नसते. पायात काटा मोडला तर तो दिसतो, ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. दाढेच्या बाबतीत सारी भिस्त आरसा आणि दिवा घेऊन समोर उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या शब्दावर. बरेच दंतवैद्य हा विश्वास निष्ठेने सांभाळतात, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. प्रस्तुत लेख ज्यांच्या हातून तो सांभाळला जात नाही त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या खुर्चीत बसण्याची पाळी ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी आहे.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या साखरा गावचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. सोयाबीन विकून झाले आहे, हळदीचे पैसे अजून यायचे आहेत. खालची डावी दाढ आठवडाभर ठणकते आहे. लवंग दाबून धरली, मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांचे पाकीट संपले, आणि अखेर एके दिवशी सकाळच्या गाडीने तो सेनगावमार्गे जिल्ह्याचे ठिकाण गाठतो. दवाखाना नवा, फरशी आरशासारखी. खुर्ची मागे कलते, गालात कापसाचा बोळा जातो, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली जाते, आणि अशा अबोल अवस्थेत समोरच्या पडद्यावर स्वतःच्याच दाढांची हातभर मोठी चित्रे पाहत असताना त्याच्या कानी पडते, "काका, ही एकच नाही, चार किडल्यात. चारींचं रूट कॅनॉल करू आणि वर कॅप बसवू. आजच सुरू करू, नाहीतर सगळ्या काढाव्या लागतील." बोळा निघाल्यावर तो एवढेच म्हणतो, "साहेब, दुखायलीय तर एकच." त्यावर "आज दुखत नाहीत, उद्या दुखतील" हे उत्तर तयार असते, पाठोपाठ बाहेरच्या टेबलावरून हप्त्यांचा कागद पुढे सरकतो आणि आजच रक्कम भरली तर किती सूट मिळेल याचा हिशेब सुरू होतो. हे चित्र मी कल्पनेने रेखाटले आहे. परंतु ज्याने स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बाबतीत असे काही ऐकलेले नाही, असा वाचक विरळा.

आता त्या चार दाढांची शहानिशा करू. दाताच्या वरच्या कठीण आवरणास दंतवल्क म्हणतात, त्याखाली दंतिन, आणि गाभ्यात नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ मगज. खाल्लेल्या साखर-पिठावर तोंडातील जीवाणू आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दंतवल्कातील खनिजे झिरपून जातात, आणि लाळ तीच खनिजे हळूहळू परत आणून बसवत असते. म्हणजे कीड ही एक प्रकारची जमा-खर्चाची नोंद असून, तोट्याची बाजू दीर्घकाळ भारी पडली तरच खड्डा होतो. पृष्ठभाग फुटलेला नसताना दिसणारा पांढुरका डाग नीट घासण्याने, गोड कमी करण्याने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने तेथल्या तेथे थांबू शकतो, कधी भरूनही येतो. दाढेच्या खाचेतील काळी रेघ कठीण असेल, तर ती पुष्कळदा निव्वळ चहा-तंबाखूचा डाग असते आणि तिच्यावर नजर ठेवणे हाच तिचा इलाज असतो. पडद्यावर वीसपट मोठी केलेली अशी रेघ विहिरीसारखी भासते, यात नवल नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे आणि लहानपणी बोअरचे असे पाणी प्यायलेल्या माणसाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे जन्मभर राहतात. हे पट्टे दिसण्यास कुरूप असतात, परंतु ती कीड नव्हे. त्यांची रंगसफाई कोणास हौसेने करून घ्यावयाची असेल तर त्याने खुशाल करावी. "दात सडलेत" असे सांगून ती कोणाच्या गळ्यात मारू नये.

याउलट रूट कॅनॉल ही क्रिया स्वतः मुळीच बदनाम करण्याजोगी नाही. कीड मगजापर्यंत पोहोचली, थंड पाण्याची कळ क्षणात न विरता रेंगाळू लागली, काही न खाता रात्री आपोआप ठणका सुरू झाला, दाढेवर टिचकी मारताच जीव कळवळला, किंवा क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, तर दाढ वाचविण्याचा तोच राजमार्ग होय. त्यानंतर मागच्या दाढेवर कॅप बसविणेही बहुधा योग्यच ठरते, कारण पोखरलेली दाढ चावताना दुभंगण्याचे भय असते. दातांच्या सफाईनंतर फटी दिसू लागल्या की डॉक्टरने दात सैल केले अशी हाकाटी करणारे लोकही आहेत. वस्तुतः त्या फटी वर्षानुवर्षे साचलेल्या दगडासारख्या थराने बुजलेल्या होत्या, एवढेच. तेव्हा आपल्या शेतकऱ्याच्या ठणकणाऱ्या दाढेला रूट कॅनॉलची गरज असणे सर्वथा शक्य आहे. वाद आहे तो उरलेल्या तिहींचा, आणि त्याहून अधिक "आजच" या शब्दाचा.

न दिसणाऱ्या दुखण्यावर पैसे काढण्याची ही विद्या पडद्याच्या आणि कॅमेऱ्याच्या आधीची आहे. दातात किडा असतो ही समजूत फार प्राचीन. सुश्रुतसंहितेत एका दंतरोगास 'कृमिदंतक' असेच नाव आहे, आणि युरोपातही पिएर फोशार या फ्रेंच दंतशल्यज्ञाने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारीपर्यंत ती विद्वानांतही मान्य होती. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी दाताचा किडा काढून देणारी माणसे फिरत. निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकायच्या, नळीतून तिची धुरी दुखऱ्या दाढेला द्यायची, आणि मग पाण्याच्या परातीत तरंगणारे बारीक पांढरे किडे भोवतालच्या सर्व मंडळींस दाखवायचे. ते किडे म्हणजे भाजलेल्या बियांतून बाहेर पडलेले कोवळे अंकुर असत. डोळ्यांनी पाहिलेला किडा खोटा म्हणण्याची कोणाची छाती होणार? नव्या दवाखान्यातील पडदा हे खरे शास्त्रीय साधन आहे, परात नव्हे. परंतु रुग्णाला घाबरविण्यापुरता त्याचा उपयोग केला, तर दोहोंत फरक राहतो तो केवळ विजेच्या बिलाचा.

हे केवळ आपल्याकडेच चालते अशी कोणाची समजूत असेल, तर ती दूर व्हावी. १९९७ साली 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकासाठी विल्यम एकेनबार्गर या अमेरिकन पत्रकाराने २८ राज्यांतील ५० दंतवैद्यांना आपले तोंड दाखविले. तोंड एकच, पण खर्चाचे अंदाज निघाले ५०० डॉलरपासून जवळजवळ ३० हजार डॉलरपर्यंत. त्याहून काटेकोर प्रयोग स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाला. ज्याला कोणत्याही उपचाराची आवश्यकता नाही असा एक परीक्षार्थी रुग्ण संशोधकांनी १८० दंतवैद्यांकडे पाठविला, आणि त्यांपैकी २८ टक्के ठिकाणी त्याला अनावश्यक उपचार सुचविण्यात आले. ज्यांच्याकडे तपासणीची वेळ लवकर मिळत होती, म्हणजे ज्यांच्याकडे गर्दी कमी होती, त्यांच्याकडून असा सल्ला अधिक वेळा आला. आणि साध्या भेटीत रुग्ण वरच्या सामाजिक स्तरातला दिसला, तर तो कमी वेळा आला. श्रीमंताला लुटतात हा आपला लोकप्रिय समज येथे उलटा पडतो. मळक्या धोतराने खुर्चीत बसणाऱ्यास प्रश्न विचारण्याची सवय नसते, हे तेथेही ठाऊक असावे.

मराठवाड्याला या विषयाचा धडा दातांहून फार भयंकर रीतीने मिळाला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कर्करोग होईल ही भीती, आणि आजार काढून टाकला की मजुरी बुडणार नाही ही आशा, यांच्या कात्रीत ही बायामाणसे सापडली. "नाहीतर सगळ्या काढाव्या लागतील" या वाक्याची जात तीच आहे. हानीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरता कामा नये. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून सिद्ध केलेल्या 'कैफियत' या पुस्तकात व्यवसायातील माणसांनीच आपल्या व्यवसायाची ही बाजू मांडली आहे. रुग्ण पाठविणाऱ्यास हिस्सा देण्याच्या पद्धतीस महाराष्ट्रात 'कट प्रॅक्टिस' हे नाव इतके रुळले आहे की, २०१७ मध्ये शासनाने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाच तयार करविला. तो मसुद्याच्या पायरीवरच थबकला.

यामागे केवळ लोभ आहे असे मानणे सोपे, परंतु अपुरे होय. दंतवैद्याची खुर्ची, क्ष-किरण यंत्र, जागेचे भाडे, बँकेचे कर्ज आणि खासगी महाविद्यालयात पदवीपायी झालेला खर्च, हे सारे वसूल व्हायचे ते प्रत्येक क्रियेच्या दरातून. "तुमच्या या तीन दाढांना काही करायला नको, सहा महिन्यांनी या," असे सांगण्यास सर्वांत जास्त ज्ञान आणि सचोटी लागते, आणि त्याबद्दल मिळते तपासणीची किरकोळ फी. कौशल्याचा मोबदला हात चालविण्याला आहे, हात आवरण्याला नाही. शहरांत दवाखान्यांची दाटी आणि साखऱ्यासारख्या गावाला दात दाखविण्यासाठी तालुका-जिल्ह्याची वाट, ही दुसरी विसंगती. गाडीभाडे आणि बुडालेला रोज ज्याने मोजला आहे, तो पुन्हा खेप नको म्हणून जागच्या जागी होकार देतो. दबावाला खरे बळ येते ते येथूनच.

कायदा मात्र या होकाराकडे काळजीपूर्वक पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केले की, तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे, आणि संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, त्यातील धोका, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल हे रुग्णास आधी समजावून दिले पाहिजे. तो खटला दाताचा नव्हता, तत्त्व मात्र दाताच्या खुर्चीलाही लागू आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क नोंदलेला आहे. तेव्हा कोणत्या दाढेला काय झाले, ती भरल्याने भागेल का, नुसती नजर ठेवली तर काय होईल, आणि एकूण खर्च किती, हे दाढेगणिक कागदावर लिहून मागण्यात उद्धटपणा काहीच नाही. सचोटीचा डॉक्टर तो कागद आनंदाने देतो. जो कागद देण्यास कां-कूं करतो, त्याच्याकडे उरलेल्या तीन दाढा सोपवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांबू नये असे प्रसंगही आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत: गालावर किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, गिळण्यास किंवा श्वासाला त्रास, न थांबणारा रक्तस्राव, अपघाताने उखडून आलेला पक्का दात, यांत तासाचाही विलंब घातक. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याचे तोंड पूर्ण उघडेनासे झाले, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा उठला, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर ती दाखविण्यास टाळाटाळ करू नये. ज्या गावात अनावश्यक कॅपा बसतात त्याच गावात कर्करोगाची ही पूर्वचिन्हे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात. परंतु न दुखणारी, न सुजलेली दाढ आठवडाभर थांबल्याने सहसा हातची जात नाही.

त्या आठवड्यात करण्याजोगे एवढेच आहे. क्ष-किरण चित्र आणि लेखी अंदाज मागून घ्यावा, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा, दाढांची संख्या आणि रक्कम फारच मोठी असेल तर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात तो दाखवावा. त्या महाविद्यालयाची स्थापना १९८२ ची असून तेथे उपचार सुचविणाऱ्यास दाढेमागे काही मिळत नाही. पैसे भरून झाले असतील आणि फसवणुकीची खात्री पटली असेल, तर पावती, औषधांची चिठ्ठी आणि चित्रे जपून ठेवावीत. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाविषयी तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते, आणि भरपाईसाठी आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे अर्ज करता येतो. उपचारापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर या अर्जाला शुल्क नाही, आणि तो तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.