पाटावरचे नाव, यादीतले नाव

कोकणात गणपतीच्या कितीतरी आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देण्याची रीत आहे. पाटावर खडूने नाव लिहिलेले असते आणि त्या नावासोबत मूर्तिकाराच्या डोक्यात बाकीची सगळी माहिती असते: मूर्ती केवढी लागते, आसन कोणते, पितांबर कुठल्या रंगाचे, दीड दिवसांचा गणपती की गौरीबरोबर जाणारा. हीच गिऱ्हाइकांची यादी, आणि ती कोणी कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेली नाही. पेणला मात्र उलटे घडले. मूर्तिकलेचे गाव म्हणून नाव झाले, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून लाखोंनी मूर्ती बाहेर पडू लागल्या आणि पाटावरची नावे मागे राहिली. कच्ची मूर्ती टेम्पोत चढते, मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडे उतरते, तिथे रंगते, डोळ्यांची आखणी होते आणि शेवटी कोणाच्या मखरात बसली हे घडवणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यामुळे छोट्या व्यावसायिकाने स्वतःच्या संकेतस्थळावर नियमित लिहावे, गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते जमवावेत असे कोणी म्हटले, की ते मोठ्या शहरातले खूळ वाटते. खरे तर हा पाटावरचे नाव परत मिळवण्याचा उद्योग आहे. आड येतात ते काही पक्के बसलेले गैरसमज.

सगळ्यात घट्ट गैरसमज हा, की फेसबुक-इन्स्टाग्रामवर पान आहे, हजारो लोक मागे आहेत, म्हणजे गिऱ्हाईक आपले झाले. ते गिऱ्हाईक त्या कंपनीचे असते. आपल्याला फक्त ओट्यावर बसायला जागा मिळालेली असते, आणि ओटा कधी काढून घेतील याची हमी नसते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की यापुढे आप्त-मित्रांच्या मजकुराला आधी जागा मिळेल आणि व्यवसायांच्या पानांचा मजकूर कमी दिसेल. ज्यांनी वर्षानुवर्षे तिथे माणसे जमवली, त्यांना त्याच माणसांपर्यंत पोचायला जाहिरातीचे पैसे मोजावे लागू लागले. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, आणि तिथे नाव कमावलेल्या छोट्या विक्रेत्यांचा सारा गोतावळा एका रात्रीत गेला. बंदी योग्य होती की नाही हा वेगळा वाद. मुद्दा एवढाच, की त्या गोतावळ्यातला एकही पत्ता विक्रेत्याच्या वहीत नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास ठप्प झाली होती. ऑर्कुट तर २०१४ मध्येच मिटले. ईमेलची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला कोणी एक मालक नाही. पत्रे पाठवून देणारी कंपनी आवडली नाही तर यादी उचलून दुसरीकडे नेता येते. पत्ते आपल्याचकडे राहतात.

यावर लगेच येणारा आक्षेप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. आमच्याकडे ईमेल कोण बघतो, सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, असे म्हणणाऱ्याचे बरेचसे बरोबर आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पोह्याचे पापड विकणाऱ्याला ताजा माल आल्याची खबर द्यायला याहून सोपे साधन नाही. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च क्रमांक बसतात, आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांना. बाकीच्यांना तो जातच नाही. त्याहून मोठ्या संख्येने पाठवायचे तर प्रत्येक जाहिरात-निरोपाचे पैसे पडतात. शिवाय चार दिवसांनी तो निरोप शुभसकाळच्या फुलांखाली गाडला जातो, तर मूर्तीची मापे, वजन, दर आणि पोचवण्याची तारीख लिहिलेले पत्र दोन महिन्यांनी शोधले तरी सापडते. दोन्ही साधने ठेवावीत. मात्र एक असले म्हणजे दुसरे नको, हा हिशेब चुकीचा आहे.

राहिला प्रश्न ईमेल कोण वाचतो हा. ज्याला आगाऊ ठरवावे लागते तो वाचतो, आणि पेणच्या मूर्तीचे असे गिऱ्हाईक साता समुद्रापार बसलेले आहे. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना आणि कुटुंबांना मूर्ती जहाजाने मागवायची तर निर्णय सणाच्या कित्येक महिने आधी घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या दुपारी आपल्याकडे मध्यरात्र असते. फोनवर बोलणे जमत नाही, पत्र जमते. त्यात आपले पंचांग सरकते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला येते. अठरा दिवसांचा हा फरक बोटीच्या वेळापत्रकात फार मोठा असतो. माल कधीपर्यंत निघायला हवा, शाडूच्या मूर्तीला वाळायला वेळ का लागतो, पेटीत ती कशी भरतात, एवढे सांगणारे एक पत्र जानेवारीत गेले तर ते जाहिरात वाटणार नाही. मागवणाऱ्याला ते हवेच असते. धंदा वर्षातून एकदाच होतो, मग बारा महिने लिहून काय करायचे, असे विचारणाऱ्यालाही हेच उत्तर आहे. विक्री काही आठवड्यांची असली तरी घडवणे वर्षभराचे आहे आणि गिऱ्हाइकाचे ठरवणेही बरेच आधीचे. वर्षाला पाच-सहा पत्रे पुरतात. आठवड्याला एक पाठवा असे सांगणारे सल्लागार कपड्यांच्या दुकानाचे गणित गणपतीच्या कारखान्याला लावतात.

लिहिणे हे लेखकाचे काम, आपण कारागीर, हा गैरसमज मात्र मराठी मुलखात तरी टिकायला नको होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली असे सांगतात. माल उत्तम होता. अडले होते ते लोकांच्या मनातल्या शंकेपाशी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली, ती कारखान्याचे आणि मालाचे वर्तमान लोकांपर्यंत न्यावे म्हणून. पुढे त्यातले ‘खबर’ गळले, ‘किर्लोस्कर’ मासिक उरले, आणि त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे मिळाली. कारखान्याच्या पत्रकातून मराठी नियतकालिकांचे एक घराणे उभे राहिले, याचा विसर आपल्याला इतका पडला आहे की तीच गोष्ट आता इंग्रजी नावाने विकत शिकावी लागते. अमेरिकेत जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ मध्येच शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक सुरू केले होते, आणि ते अजून निघते. दोन्हीकडे सूत्र एक: गिऱ्हाइकाला पडलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे, त्याच्या पत्त्यावर.

असे प्रश्न पेण-रोह्यात जागोजागी पडलेले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) मूर्तींना मनाई केली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिची कडक अंमलबजावणी करायला सांगितले; ९ जूनला मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलस्रोतात विसर्जनाला नाही; जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असे ठरले. या सहा महिन्यांत प्रत्येक घरात आणि मंडळात एकच चर्चा होती: मूर्ती मिळेल का, कशाची घ्यायची, बुडवायची कुठे? उत्तरे मिळत होती ती पुढे ढकललेल्या, अर्धवट निरोपांतून. ज्याच्या हाताला माती लागलेली आहे त्याने प्रत्येक आदेशानंतर दोन परिच्छेद आपल्या संकेतस्थळावर लिहिले असते, शाडू आणि पीओपी यांतला वजनाचा, किमतीचा, वाहतुकीतल्या फुटीचा फरक सरळ सांगितला असता आणि तेच यादीतल्या पत्त्यांवर पाठवले असते, तर त्याचे नाव त्या घरात कायमचे राहिले असते. भाषा घडीव असण्याची गरज नाही. फोनवर गिऱ्हाइकाला जे सांगतो तेच लिहायचे.

रोहा तालुक्यात कोलाडला कुंडलिकेच्या प्रवाहात राफ्टिंग चालते. तिथल्या खानावळी आणि शेतावरच्या निवासांना शहरातला पाहुणा हमखास विचारतो की ऐन उन्हाळ्यात नदीला पाणी कसे, आणि सकाळीच का निघायचे. याचे उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून उतरवून भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होते, आणि वीज करून सुटलेले ते पाणी कुंडलिकेत येते. ते सुटते तेव्हा नदी भरते. राफ्टिंगची वेळ त्या पाण्यावर ठरते. एवढे नीट लिहिलेले पान ज्या निवासाच्या संकेतस्थळावर असेल, तिथे प्रश्न विचारणारा माणूस आपण होऊन येईल. ‘निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव’ हे वाक्य सगळ्यांच्याच फलकावर आहे. ते शोधत कोणी येत नाही.

अलीकडे एक नवा आणि वजनदार आक्षेप निघाला आहे. गुगल आता प्रश्नाचे उत्तर स्वतःच वरती लिहून देतो, मग आपल्या पानावर येणार कोण? यात तथ्य आहे, आणि केवळ शोधयंत्राच्या भरवशावर लिहिणाऱ्यांचे दिवस कठीण आहेत. पण याचा अर्थ लिहिणे सोडा असा होत नाही. जो एकदा आला त्याला नाव विचारून ठेवा, असा होतो. कारण दुसऱ्यांदा तो शोधत येईलच याची खात्री उरलेली नाही.

आणि नाव विचारूनच ठेवायचे, कारण शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो: यादी विकत मिळते. मिळते, पण ती आपली नसते. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता जाहिरात पाठवली आणि तक्रारींचा पाऊस पडला. नको असलेल्या मेलची परंपरा तिथून धरतात. आज शिक्षा यंत्रच देते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे की ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे, म्हणजे हजारांत तीनही नकोत. विकत घेतलेल्या हजार अनोळखी पत्त्यांवर पहिल्याच दिवशी याहून जास्त माणसे वैतागतात, आणि मग ओळखीच्या शंभर जणांनाही आपले पत्र कचऱ्याच्या टोपलीत मिळू लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे: कशासाठी पत्ता घेतो ते सांगायचे, आणि नको म्हटले की नाव काढायचे.

हे सगळे प्रत्येकाने करावे असे नाही. ज्याचा सगळा माल चार व्यापारी उचलतात आणि ज्याला त्यातच राहायचे आहे, त्याला चार फोन पुरेत. घरगुती गिऱ्हाइकांशी थेट बोललो तर व्यापारी नाराज होईल, ही भीतीही खोटी नाही. तिथे सुरुवात व्यापारी घेत नाही अशा मालापासून करावी, परदेशी जाणाऱ्या मूर्तींपासून किंवा खास सांगून घडवलेल्या शाडूच्या मूर्तींपासून. दोनशे खरी नावे यंदासाठी खूप झाली. तेव्हा या गणपतीला मूर्ती हाती देताना पावतीवर एक ओळ वाढवा, पुढच्या वर्षी कळवले तर चालेल का असे विचारा, आणि हो म्हणणाऱ्याचे नाव, गाव, मूर्तीची उंची आणि ईमेल वहीत उतरवून घ्या.