उलट्या पेडाचे कोडे

आर्थर कोर्नबर्ग यांना १९५९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते एका एन्झाइमपायी. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूंच्या अर्कातून एक प्रथिन वेगळे केले होते. डीएनएचा एक पेड समोर ठेवला की त्याला जुळणारा दुसरा पेड ते परीक्षानळीत रचू लागे. हेच डीएनए पॉलिमरेज. या कामाचे निबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ने आधी नाकारले, तयार झालेल्या पदार्थाला डीएनए म्हणायचे की नाही, यावर परीक्षक अडून बसले होते. १९५८ मध्ये निबंध छापून आले आणि पुढच्याच वर्षी स्टॉकहोमचे बोलावणे आले. पेशी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते हे आता उमगले, असे पुष्कळांना वाटले.

अडचण होती दिशेची.

डीएनएचे दोन पेड शेजारी शेजारी असले तरी उलट्या तोंडाचे असतात. पॉलिमरेजला मात्र एकच दिशा ठाऊक. वाढत्या साखळीच्या ठरावीक टोकालाच ते नवा न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचा नवा दुवा, जोडते, दुसऱ्या टोकाला हात लावत नाही. रेणू उकलत जाईल तसतशी एका पेडाची प्रत त्याच्या मागोमाग सरळ तयार होईल. पण दुसऱ्याचे काय? त्याची रचना उकलीच्या विरुद्ध दिशेने व्हायला हवी, आणि जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या किरणोत्सारी चित्रांत तर दोन्ही पेड बरोबरीने वाढताना दिसत होते. उलट दिशेने जोडणी करणारे एन्झाइम शोधूनही सापडेना.

उत्तर आले जपानमधून. नागोया विद्यापीठातले रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे दाम्पत्य काही काळ कोर्नबर्ग यांच्याच स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत काम करून मायदेशी परतले होते. त्यांचा तर्क असा: उलटा पेड छोट्या छोट्या तुकड्यांत बनत असेल आणि तुकडे नंतर सांधले जात असतील. मग अगदी ताजा डीएनए तुकड्यांतच सापडायला हवा. म्हणून त्यांनी जिवाणू थंड वातावरणात ठेवून त्यांची गती मंदावली, काही सेकंदच थायमिडीन हा डीएनएचा घटक किरणोत्सारी रूपात दिला आणि प्रक्रिया तिथेच थांबवली. मग पेड सुटे करून साखरेच्या द्रावणात वेगाने फिरवले. किरणोत्सार खरोखरच हलक्या, आखूड तुकड्यांत निघाला. थोडा अधिक वेळ दिला की तोच लांब साखळ्यांत सरके. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग कल्पनेला जितका साधा तितकाच हाताला अवघड. काही सेकंदांचा खेळ, चुकला की पुरावा नाहीसा. तुकडे साधारण हजार ते दोन हजार न्यूक्लिओटाइडांचे होते. सांधणारे एन्झाइम, लायगेज, नुकतेच १९६७ मध्ये हाती आले होते. जिवाणूंत वाढणाऱ्या ज्या विषाणूंत ते निकामी केले, त्यांच्यात तुकडे न सांधता साचत गेले.

इकडे कोर्नबर्ग यांच्या एन्झाइमकडे संशयाची सुई वळली. १९६९ मध्ये केर्न्स आणि पॉला डी ल्युशिया यांनी हजारो वसाहती तपासून ई. कोलायचा असा वाण शोधला, ज्यात हे एन्झाइम जवळजवळ नव्हतेच. तरीही तो खुशाल वाढत होता! अतिनील किरणांपुढे तेवढा लवकर मरे. मग डीएनएची प्रत काढणारा खरा कारागीर कोण? तो शोधणाऱ्यांत कोर्नबर्ग यांचा मुलगा टॉम होता. जुलियार्डमध्ये चेलो शिकणाऱ्या या मुलाने कोलंबिया विद्यापीठात माल्कम गेफ्टर यांच्याबरोबर आणखी दोन पॉलिमरेज वेगळी केली. त्यांतले तिसऱ्या क्रमांकाचे मुख्य निघाले. त्याचा वेग सेकंदाला सुमारे हजार न्यूक्लिओटाइड. वडिलांचे एन्झाइम विसाच्या आसपास घुटमळते.

मग नोबेल मिळवणारे एन्झाइम पेशीत करते तरी काय? याचेही उत्तर नागोयातूनच आले. ओकाझाकींच्या गटाने १९७१ मध्ये दाखवले की केर्न्सच्या वाणात तुकडे बनतात व्यवस्थित, पण त्यांची सांधणी रखडते. पॉलिमरेजला कोऱ्या पेडावर स्वतःहून आरंभ करता येत नाही. प्रायमेज नावाचे एन्झाइम आधी आरएनएचा छोटासा तुकडा घालून देते. तो पुढे काढून टाकावा लागतो आणि पडलेली फट भरावी लागते. दोन्ही कामे कोर्नबर्ग यांचेच एन्झाइम करते, मग लायगेज शेवटचा सांधा जोडते. हे काम दुय्यम मानण्याची चूक अनेकांनी केली, पण त्यावाचून उलटा पेड अखंड होत नाही.

रेइजी मूळचे हिरोशिमाचे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते १४ वर्षांचे होते. १९७५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. आरएनएच्या त्या आरंभतुकड्याची रचना त्सुनेको यांच्या गटाने पुढच्या काळात उलगडली. २०२१ मध्ये जपानने त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान दिला.

माणसाच्या पेशीत हे तुकडे आणखी आखूड, शे-दोनशे न्यूक्लिओटाइडांचे. म्हणजे एका पेशीच्या दोन होताना असे कोट्यवधी तुकडे सांधले जातात. मात्र गुणसूत्राच्या अगदी टोकाशी शेवटचा आरएनए तुकडा निघाला की ती जागा भरायला पलीकडे आधारच नसतो, आणि दर प्रतीगणिक टोक थोडे झिजते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज १९८४ मध्ये कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना टेट्राहायमिना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवात सापडले. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ते जवळपास बंदच असते. कर्करोगाच्या बहुसंख्य पेशी मात्र ते पुन्हा चालू करून घेतात.