व्हेनीअरवरचे डाग : घासण्यापूर्वी ओळखा

दिवाळीच्या तोंडावर घराची आवराआवर सुरू झाली, की फर्निचरचे दोष डोळ्यांत भरू लागतात. खिडकीलगतच्या कपाटाचे दार फिकट पडलेले असते, फुलदाणी उचलावी तर खाली गडद वर्तुळ दिसते, जेवणाच्या टेबलावर पांढुरके कडे उमटलेले असते. मग सुताराला बोलावले जाते, तो पॉलिश पेपर काढतो आणि नुकसान होते ते तेथेच. अखंड सागवानी टेबल चार वेळा घासले तरी बिघडत नाही. व्हेनीअर हा मात्र प्लायवूडवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर. तो घासून खालचा प्लाय उघडा पडला, तर कोणतेही पॉलिश तो झाकू शकत नाही.

म्हणून डाग पॉलिशमध्ये आहे की लाकडात, हे आधी पाहावे. पांढुरका डाग बहुधा पॉलिशमधला असतो. गरम भांडे, ओला पेला किंवा पावसाळी हवा यांमुळे त्या थरात ओल अडकते. लाकूड शाबूत असते. पुष्कळदा हवा कोरडी होताच असा डाग आपोआप विरतो. न विरल्यास आडोशाच्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेचे आहे. त्यावर स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा हलक्या हाताने, न थांबता फिरवला, की थर किंचित विरघळून पुन्हा बसतो. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशवर ही युक्ती चालत नाही. ते काम अनुभवी पॉलिशवाल्याकडेच सोपवावे.

काळा-निळसर डाग अधिक हट्टी. लाकडातील टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आले, की तो उमटतो. कुंडीचे लोखंडी स्टँड, एखादा खिळा, इतकेच काय, लोखंडी घासणीचे राहिलेले कणही त्यास पुरतात. तो लाकडात मुरलेला असल्याने घासून जात नाही. त्यासाठी आधी पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक आम्लाचे कोमट पाण्यातील द्रावण लावतात. ते केवळ डागावर नव्हे, तर संपूर्ण फळीवर लावावे. अन्यथा काळ्या डागाच्या जागी फिकट ठिगळ दिसते. नंतर ओल्या फडक्याने फळी अनेकदा पुसून पूर्ण वाळू द्यावी. पाणी भरमसाट ओतल्यास व्हेनीअर सुटते. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या आवश्यक. मुलांना दूर ठेवावे. आम्ल पुसून काढण्यापूर्वी फळी घासू नये, कारण त्याची धूळ श्वासात जाते.

उन्हाने पडलेला फरक हा वस्तुतः डागच नव्हे. अक्रोडाचे व्हेनीअर प्रकाशात फिकट होते, तर नव्या सागवानावरील गडद पट्टे प्रकाशातच निवळून सोनेरी-तपकिरी होतात. फर्निचर नवे असेल, तर वरच्या वस्तू हलवून काही आठवडे सर्वत्र सारखा उजेड पडू द्यावा. निम्मे काम त्यानेच होते. जुन्या फर्निचरवर पॉलिशमध्येच किंचित रंग मिसळून फिकट भाग जुळवतात.

नव्या कामात आणखी एक जागा तपासण्याजोगी. चिकटवताना झिरपून वर आलेला गोंद लाकडाला रंग पिऊ देत नाही आणि पॉलिशनंतर तेथे फिकट चट्टे उमटतात. पॉलिशच्या आधी ओलसर फडके फिरवल्यास ते लगेच दिसतात, आणि त्या टप्प्यावर ते काढण्याचे काम कंत्राटदाराचेच असते.